चोवीसातले चार

दर्यापूर तालुक्यातल्या एका लग्नघरात, आतल्या खोलीत, मेकअपवालीची घडीची काळी पिशवी दिवाणावर उघडून ठेवलेली होती. 24 ब्रशांचा सेट. प्रत्येकाला आपापला कप्पा, गुलाबी दांडे, त्यावर सोनेरी पट्टी. त्यातले वीस अगदी नवेकोरे. काहींच्या डोक्यावरची प्लास्टिकची जाळीसुद्धा निघालेली नव्हती. उरलेल्या चारांची मात्र पार दशा झालेली. एकाचे केस मधूनच दुभंगून दोन्हीकडे पडलेले, दुसऱ्याच्या मुळाशी जुन्या बेसची, म्हणजे तोंडभर लावायच्या रंगीत क्रीमची, पिवळट पापडी धरलेली, तिसऱ्याचं डोकं दांड्यापासून सुटलं म्हणून सेलोटेपनं बांधलेलं. चौथा बरा होता, पण त्याच्यावर लाली, पावडर आणि चमकी असं सगळंच एकत्र नांदत होतं. शेजारी एकच स्पंज, कधीकाळी गुलाबी असावा. नवरीच्या मावशीनं सहज विचारलं, "एवढे गंज ब्रश कायले लागतात वं?" मेकअपवाली पोरगी हसली. "लागत नाहीत मावशी, पण सेटच भेटते. सुटे कोठी भेटतात इकडे?"

उत्तर खरंच होतं, आणि म्हणूनच ते डोक्यातून जाईना. तालुक्याच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात, जनरल स्टोअरमध्ये, आठवडी बाजारात चादरीवर मांडलेल्या मालात, सगळीकडे सेटच. त्यात पापणीच्या घडीचा वेगळा, पापणीच्या कोपऱ्याचा वेगळा, भुवईचा तिरपा, ओठांचा झाकणवाला, नाकाच्या कडांचा, पंख्याच्या आकाराचा असे नाना तऱ्हेचे ब्रश असतात. नसतो तो दुसरा स्पंज. नसतो धड पफ. ब्रश पुसायला स्पिरिट नसतं, ओठांना लावायची लिपस्टिक कांडीवरून खरवडून घ्यायला पट्टी नसते. चेहऱ्यावर साधनाला कामं चारच असतात: लावायचं, पसरवायचं, बसवायचं आणि काढायचं. सेट बनवणाऱ्याचा सगळा जीव पसरवण्यात अडकलेला. आणि आपल्याकडे वैशाखात, 45 अंशांच्या उन्हात, नवरीचं तोंड वरमाला होईपर्यंत टिकतं की नाही हे ठरतं बसवण्यावर आणि काढण्यावर.

त्याचं कारण खोलीतच असतं. नवरीला तयार करायला बसवतात ती घरातली बहुधा एकुलती एक कूलरची खोली. ताट्यांतून येणारा झोत जेवढा गार, तेवढाच ओला. त्या ओल्या हवेत बेस सुकत नाही, बोट टेकवलं तर सरकतो. वेळ होत आली, बाहेर बँड वाजू लागला की त्याच्यावर पावडर मारली जाते; ती ओल धरते आणि कुठे जाड, कुठे पातळ बसते. मग नवरी मांडवात येते. बाहेरची हवा ठणठणीत कोरडी. पाच-दहा मिनिटांत वरचा थर वाळतो, खालचा अजून ओलाच. एकदा हसली की नाकाच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्यात, डोळ्यांखाली बारीक भेगा. बायका म्हणतात, क्रीम हलकं वापरलं. क्रीम बहुतेक वेळा चांगलंच असतं. बेस लावायच्या अर्धा तास आधी कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे ताट्यांतली ओल ओसरते. आणि तोही झोत नवरीच्या तोंडावर नको, पाठीवर घ्यावा. लूज पावडर असेल तर निदान ती डब्यातून उडून शेजारणीच्या शालूवर तरी जात नाही.

पंप बंद, पंखा चालू. बेसचं निम्मं भांडण तिथंच मिटतं.

आता स्पंज. अंड्याच्या आकाराचा, कुठेच कड नसलेला हा स्पंज आज गावोगावी दिसतो, पण तो आला कॅमेऱ्यामुळे. अमेरिकेत री अ‍ॅन सिल्व्हा नावाच्या मेकअप आर्टिस्ट टीव्हीवर काम करायच्या. चित्रीकरण हाय डेफिनिशनमध्ये (एचडी, म्हणजे बारीकसारीकही स्पष्ट दिसेल असं) होऊ लागल्यावर त्रिकोणी स्पंजाच्या कडांनी उठणाऱ्या रेषा पडद्यावर दिसू लागल्या. त्या कात्रीनं कडा छाटून गोल तुकडे करू लागल्या आणि त्यातून पुढे हा कडा नसलेला स्पंज बाजारात आला. आपल्याकडे आता लग्नात ड्रोन फिरतो, करवल्या मोबाइल नवरीच्या नाकापर्यंत नेतात. म्हणजे जी अडचण तिकडे स्टुडिओत होती, ती इकडे मांडवात आली. तेव्हा स्पंज ठेवाच, पण तो वापरायचा कसा, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. कोरडा स्पंज कधीच लावायचा नाही. अर्धा बेस तो स्वतःच पितो आणि उरलेला चट्ट्याचट्ट्यानं बसवतो. आधी वाडग्यातल्या पाण्यात पूर्ण बुडवून दोन-तीनदा दाबावा. चांगला स्पंज फुगून जवळजवळ दुप्पट होतो. फुगत नसेल तर तो भांडी घासायला ठेवावा. मग घट्ट पिळायचा, आणि पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा एकदा दाबायचा. हा दुसरा दाब बहुतेक जणी गाळतात. हाताच्या मागच्या बाजूला स्पंज टेकवून बघावा: गार लागला पाहिजे, पण पाण्याचा ठिपका उमटता कामा नये. ठिपका उमटला म्हणजे बेस पातळ होणार आणि गालावर ओघळ दिसणार. स्पंजाची भोकं पाण्यानं आधीच भरलेली असली की बेस आत न मुरता वर राहतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

आपल्याकडची गंमत अशी की तो ओला राहतच नाही. एप्रिल-मेमध्ये एक गाल होईस्तोवर स्पंजाची बाहेरची बाजू कोरडी पडते आणि तो कातडीला ओढायला लागतो. ओढ लागली की हात आपोआप घासायला जातो, आणि घासलं की खालचा थर उचलला जातो. म्हणून बाटलीत पाणी भरून फवारा हाताशी ठेवावा, चेहरा अर्धा-अर्धा करावा. बेस थेट तोंडावर ओतू नये. पूर्ण चेहऱ्याला हिरव्या वाटाण्याएवढे दोन ठिपके पुरतात. ते हाताच्या मागच्या बाजूला किंवा स्टीलच्या ताटलीवर घ्यावेत, मधून बाहेर न्यावेत, आणि स्पंजानं थोपटत जावं. केसांच्या रेषेपाशी आणि जबड्याखाली स्पंजावर जे उरलंसुरलं असेल तेच पुरे. जाड थर पाहिजेच असेल तर पातळ थर दोनदा. एका दमात दिलेला जाड थर उन्हात फुटणारच.

फवाऱ्याचं आणि वाडग्याचं पाणी कोणतं, हाही प्रश्न इकडे बारीक नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वाटीत सुकलं की पांढरा थर मागे राहतो. तोच थर स्पंजातून गालावर जातो. सावळ्या रंगावर तो राखेसारखा दिसतो आणि मग बेसचा नंबर चुकला असं वाटून आणखी एक थर चढतो. चेहऱ्याच्या कामाला कॅनचं पाणी घ्यावं. अर्धा लिटर पुष्कळ झालं.

हळदीचंही असंच. आदल्या दिवशी हळद लागते, तीही तेलात कालवलेली, आणि ती नाकपुड्यांच्या बाजूला, भुवयांत, कानामागे राहतेच. हळदीचा पिवळा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे साबणानं कितीही घासलं तरी कातडी लाल होते आणि पिवळेपणा जिथल्या तिथे. सकाळी आधी थोडं खोबरेल कापसावर घेऊन त्या जागा पुसाव्यात, मग सौम्य फेसवॉश, आणि मग तासभर चेहऱ्याला काही लावू नये. हे न करता बेस लावला तर स्पंज पहिल्याच टिपण्यात पिवळा होतो आणि तो पिवळेपणा कपाळभर पसरतो. पिवळा झालेला स्पंज धुऊनही पिवळाच राहिला तर तास-दोन तास उन्हात ठेवावा. हळदीचा रंग उन्हानं उडतो. रोज मात्र स्पंज उन्हात वाळवू नये, तो कडक होऊन चिरतो.

आता बोटं. ब्रशाच्या नादात बोटांची किंमत कमी झाली आहे, असं माझं मत आहे. आपल्या आज्या कपाळाला आधी मेणाचं बोट लावायच्या आणि मग त्यावर कुंकू दाबून बसवायच्या. खाली चिकट, वर कोरडं. कुंकू घासायचं नाही, दाबायचं. दिवसभर शेतात घाम गाळूनही तो गोल टिकायचा. आज डोळ्यांच्या मेकअपचं सगळं शिक्षण एवढंच सांगतं, फक्त मेणाऐवजी कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, आणि कुंकवाऐवजी आयशॅडो, म्हणजे पापणीचा रंग. चमकीची शॅडो ब्रशानं लावली की निम्मी गालांवर झडते. बोटाच्या पेरावर घेऊन पापणीवर दाबली की जागची हलत नाही. डोळ्यांखालचा कन्सीलरही अनामिकेनंच बरा. त्या बोटाचा दाब सगळ्यात हलका पडतो आणि पेराच्या उबेनं क्रीम मऊ होऊन कातडीत मिसळतं. फक्त एक: बोट घामेजलेलं नको. हात धुऊन, पुसून, दर दोन-तीन मिनिटांनी टिश्यूला टिपत राहायचं.

मग ब्रश कुठे लागतात? पावडर झटकायला, लाली द्यायला, डोळ्यांच्या घडीतला रंग विरवायला, आणि भुवई-लायनर-टिकलीसारख्या रेषेच्या कामाला. म्हणजे चार, फार तर पाच. पोरीच्या पिशवीतले झिजलेले चार ब्रश म्हणूनच झिजले होते. गरज त्यांनीच दाखवून दिली होती. चार चांगले घेतले असते तर 24 च्या सेटएवढ्याच पैशांत दोन-तीन हंगाम गेले असते.

चांगला कसा ओळखायचा, याची परीक्षा दुकानात उभ्या-उभ्या होते. ब्रश तळहातावर दाबून धरावा. केस पंख्यासारखे पसरून, सोडल्यावर पुन्हा एकत्र आले पाहिजेत. पसरून तसेच राहिले तर तो मेलेला ब्रश. मग मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवावा. टोचलं तर समजावं की केस पाहिजे त्या आकारात कात्रीनं कापलेत. केसाचं न कापलेलं टोक निमुळतं असतं, तेच मऊ लागतं. कापलं की ते बोथट होतं आणि डोळ्यांभोवतीच्या पातळ कातडीला ओरखडे काढतं. जपानात हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं ब्रशांसाठीच ओळखलं जाणारं गाव आहे. तिथले कारागीर टोकं न कापता, केस रचतानाच आकार देतात. 2011 मध्ये जपानच्या महिला फुटबॉल संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारनं सन्मानाबरोबर भेट दिले ते कुमानोचे मेकअप ब्रश. आपल्याला तेवढा महागडा नको, पण परीक्षा तीच लावावी. शेवटची खूण म्हणजे केस आणि दांडा जोडणारी पत्र्याची नळी. ती हलवून बघावी. कडकड वाजली, गोल फिरली, की तो ब्रश दुसऱ्या धुण्यालाच डोकं सोडणार.

केस खरे की नायलॉनचे, यावर दुकानदार उगाच भाव खातात. बकरीच्या किंवा घोड्याच्या केसाला सूक्ष्म खवले असतात, त्यात कोरडी पावडर अडकते आणि थोडी थोडी सुटते. म्हणून लाली आणि पावडरीला तो छान. पण क्रीम आणि बेस तो पिऊन टाकतो आणि धुतल्यावर लवकर सुकत नाही. नायलॉनचा केस गुळगुळीत, तो ओलं पीत नाही, लवकर धुतला जातो. हल्लीचे चांगले कृत्रिम केस पावडरही नीट उचलतात. तेव्हा धुळीच्या, घाईच्या, कमी पाण्याच्या कामाला सगळेच कृत्रिम घेतले तरी काही बिघडत नाही. आणि मुंगसाच्या केसांचा म्हणून कोणी कौतुकानं काही दाखवलाच, तर हातसुद्धा लावू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो व्यापार गुन्हा आहे, आणि एका ब्रशापायी मुंगसं मारली जातात.

चंद्रकोर काढायला सेटमधला लायनर ब्रश जाड पडतो. त्यासाठी शाळेच्या स्टेशनरीच्या दुकानातला चित्रकलेचा गोल, शून्य नंबरचा कृत्रिम केसांचा ब्रश नवा आणावा, धुऊन घ्यावा आणि कपाळापुरताच ठेवावा. डोळ्याजवळ न्यायचा नाही. वरची कड आधी, मग पोट भरायचं. मधूनमधून कापसाच्या काडीनं कड साफ करत गेलं की कोर रेखीव येते.

आता बसवण्याकडे. याचं साधन म्हणजे पफ, आणि तो मखमली, हाताच्या पंज्याएवढा, मागे पट्टी असलेला असावा. काँपॅक्टच्या डबीत येणारा चपटा स्पंज त्याच्या जागी चालत नाही. पफवर चमचाभर लूज पावडर घ्यायची, पफ दुमडून हातातल्या हातात चोळायचा म्हणजे पावडर त्याच्या लवेत शिरते, मग मनगटावर एकदा आपटून जास्तीची झटकायची. आणि दाबायचा. दाबून किंचित गुंडाळत उचलायचा. घासायचा नाही, ओढायचा नाही. मोठ्या मऊ ब्रशानं पावडर फिरवली की ती कातडीवर नुसती बसलेली दिसते. पफनं दाबली की बेसमध्ये रुतते. ब्रश लागतो तो शेवटी, वर राहिलेली पावडर झटकायला. डोळ्यांखाली सुरकुत्या धरतात म्हणून तिथे दाबायच्या आधी नवरीला वर बघायला सांगायचं आणि साचलेलं क्रीम बोटानं सपाट करून लगेच पावडर द्यायची.

पहिला मान कानशिलांना. कारण तिथे मुंडावळ्या येतात. कपाळावर दोरी आवळली जाते आणि दोन्ही बाजूंनी मोत्यांच्या सरी गालांवर लोंबतात. बेस ओला असेल तर सर चिकटते, नवरीनं मान वळवली की मोत्यांबरोबर बेस निघतो आणि गालावर ठिपक्यांची रांग उरते. फोटोत ती हमखास दिसते. तेव्हा केसांची रेषा, कानशिलं आणि गालाची बाहेरची बाजू या पट्टीत बेस अगदी नावाला द्यावा आणि पावडर मात्र दोनदा दाबावी. नथीचंही तसंच: नाकपुडीचं काम पूर्ण सुकल्यावर नथ, आणि ती अडकवताना क्रीम बोटाला लागलं तर तेवढ्याच जागी बारीक ब्रशानं पावडर. नथ घालून मग मेकअप केला तर मोत्यांच्या फटीत बेस साचतो, आणि सासरी गेल्यावर दागिना काढणारी बाई काय बोलेल ते वेगळंच.

घाम येणारच. मांडवात कोणीतरी काँपॅक्ट घेऊन धावतं आणि घामावरच पावडर फासतं. तिथे शब्दशः चिखल होतो. आधी घाम टिपायचा, पुसायचा नाही. ब्लॉटिंग पेपर नसला तर दोन पदरी टिश्यू सुटा करून एक पदर पफभोवती गुंडाळावा आणि दाबावा, घाम टिश्यूत येतो, पावडर जागेवर राहते. जुन्या मलमलीच्या ओढणीचा चौकोनी तुकडा करवलीच्या बटव्यात असला तरी चालतो. तिला फक्त बजावून ठेवावं, की रुमालानं तोंड पुसायला कोणी पुढे आलं तर हात धरायचा.

उजेडही साधनच आहे, फक्त तो पिशवीत मावत नाही. पूर्व विदर्भात, वडसा-गडचिरोलीकडे, झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर रात्र-रात्र चालतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. रंगमंचावरच्या त्या रंगभूषेचं गणित वेगळं. मागच्या रांगेतल्या माणसाला, झगझगीत दिव्यांत, भुवईची हालचाल दिसली पाहिजे, म्हणून ओल्या स्पंजानं घट्ट थर आणि ठळक रेषा. तिथे ते योग्यच. पण तोच हात दिवसाच्या लग्नात, हातभर अंतरावरून बघायच्या चेहऱ्यावर चालवला की नवरी पांढरी पडते आणि मान वेगळ्या रंगाची उरते. बेसचा रंग मनगटावर बघू नये, जबड्याच्या कडेला बघावा, आणि तोही दारात उभं राहून. खोलीतला पांढरा एलईडी निळसर उजेड टाकतो; त्यात चेहरा फिका वाटतो आणि लाली जास्त पडते. उजेड वरून आला तर डोळ्यांखाली सावली पडते आणि तिथे कन्सीलरचा ढीग होतो. म्हणून नवरीला दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड करून बसवावं, आरसा तिच्या हातात द्यावा, आणि मेकअपवालीनं स्वतः उजेड अडवून उभं राहू नये. गोरज मुहूर्त असेल तरी बेस दिवसाउजेडीच उरकावा, लिपस्टिक तेवढी दिवे लागल्यावर.

सगळ्यात अवघड परीक्षा सामुदायिक विवाहात होते. एका मांडवात पंधरा-वीस नवऱ्या, शाळेची एक वर्गखोली, दोन-तीन मेकअपवाल्या आणि प्रत्येकीकडे एकच पिशवी. एकच स्पंज सगळ्यांच्या तोंडावरून, एकच काजळ सगळ्यांच्या डोळ्यांतून. आठवड्याभरानं एकीचे डोळे येतात, दुसरीच्या हनुवटीवर पुटकुळ्या उठतात, आणि दोष मात्र उन्हाला. इथे त्रिकोणी स्वस्त स्पंजांचं पाकीट आणावं आणि एका नवरीला एक, मग फेकून द्यावा. ते कडांच्या रेषा उमटवतात, पण बोटानं त्या पुसता येतात. लिपस्टिक थेट ओठांवर नको. पट्टीनं खरवडून ताटलीवर घ्यावी आणि कापसाच्या काडीनं लावावी. मस्काऱ्याच्या सुट्या, फेकायच्या काड्या मिळतात. एकदा डोळ्याला लागलेली काडी नळीत परत जाता कामा नये. काजळाची पेन्सिल प्रत्येकीआधी शार्प करून टोक स्पिरिटनं पुसावं, आणि शार्पनरसुद्धा. फिरवून वर येणाऱ्या काजळाला शार्प करता येत नाही, म्हणून अशा ठिकाणी ते वापरूच नये. ब्रशांसाठी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवाऱ्यात भरून ठेवावं: टिश्यूवर मारायचं, ब्रश त्यावर पुढे-मागे पुसायचा, रंग येणं थांबेपर्यंत, आणि मिनिटभर वाळू द्यायचा. जास्त टक्क्यांचं जास्त चांगलं, असं नाही. ते जंतूंवर काम करायच्या आधीच उडून जातं. स्पंज मात्र स्पिरिटनं शुद्ध होत नाही, ओल आतपर्यंत जाते आणि तिथेच राहते.

रात्री घरी आल्यावर धुणं. इथे खारपाणपट्टा पुन्हा आडवा येतो. अंगाचा साबण त्या पाण्यात फेसच करत नाही. त्याचा चिकट साका होऊन केसांच्या मुळाशी बसतो. पोरीच्या ब्रशाला धरलेल्या पापडीत जुना बेस जेवढा, तेवढाच हा साकाही असणार. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड अशा पाण्यातही काम करतं. थेंबभर तळहातावर घ्यावं, ब्रश ओला करून त्यात गोल फिरवावा आणि डोकं खाली ठेवून धारेखाली धरावा. पाणी नळीत शिरलं तर आतला गोंद सुटतो, म्हणून ब्रश कधी भिजत घालू नये, की पेल्यात उभाही सुकवू नये. शेवटचं खळखळवणं कॅनच्या पाण्यात. केस बोटांनी आकारात आणून ब्रश टेबलाच्या कडेवर आडवा ठेवावा, डोकं बाहेर लोंबतं ठेवून. मे महिन्यात दोन-तीन तासांत सुकतो. श्रावणात दोन रात्री लागतात, आणि अर्धओला पिशवीत कोंबला तर आंबूस वास मारतो. स्पंजावर काळे ठिपके दिसले की ती बुरशी. धुऊन जात नाही. फेकायचा.

पिशवीही उन्हापासून जपावी लागते. बसच्या टपावर किंवा बंद गाडीत राहिली तर लिपस्टिक वाकते आणि क्रीमचं तेल सुटून वर येतं. गावात पोहोचल्याबरोबर क्रीमच्या वस्तू झिपच्या पिशवीत घालून माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या की तास-दोन तास त्या घट्ट राहतात. ब्रश मात्र कोरड्या जागी.

पॅकेज ठरवताना बायका एचडी की साधा, केशरचना धरून की वगळून, साडी नेसवून देणार का, हे सगळं विचारतात. दोन प्रश्न आणखी घालावेत: स्पंज नवा फोडणार का, आणि हे काजळ आधी कोणाच्या डोळ्यांत गेलंय. नव्या स्पंजाचे पैसे वेगळे मागितले तर कुरकुर न करता द्यावेत. आणि मेकअपवालीनंही ते बिलात वेगळे लिहायला लाजू नये.